त्याच्या एकट्याचा डबा

गोळी आज एक नव्हती, दोन होत्या. तिने त्या वाटीच्या बुडाने रगडल्या, भाजीत कालवल्या आणि डबा घट्ट बंद केला.

गोळ्या दवाखान्यातल्या कंपाउंडरने दिल्या होत्या. डॉक्टरांना न कळवता, कागदात गुंडाळून. "रोज एक. पोटात ही असली की दारू सोसत नाही, माणूस आपणहून नको म्हणतो. पण जपून हं वहिनी. जास्त झाली आणि वरून प्यायले, तर जिवावर बेतेल."

नवऱ्याला सांगून औषध द्यायचं, तर त्याने तिचंच डोकं फोडलं असतं. गुपचूप रात्रीच्या जेवणात घालावं, तर तो जेवणार की ताट भिंतीवर फेकणार याचा भरवसा नाही, आणि त्याच पातेल्यातलं पोरीला वाढायचं. डबा तेवढा त्याच्या एकट्याचा. म्हणून डबा.

दोन महिने होत आले. डबा रोज रिकामा यायचा आणि नवरा रोज तर्र होऊन. गोळीने त्याचं काही म्हणजे काही वाकडं केलं नाही. कसलं मेलं पोट आहे हे, असं तिला वाटायचं. परवा पाणी द्यायला उशीर झाला म्हणून त्याने पोरीचा हात पिरगाळला. तो हात अजून गळ्यात बांधलेला होता. त्या हाताकडे बघूनच तिने आज दुसरी गोळी काढली.

छापखान्यात त्याच्या शेजारच्या मशीनवर 'सरबत' असायचे. सगळे ग्लास भरत तेव्हा हा बाबा सरबत मागायचा, म्हणून ते नाव पडलेलं. बायको लवकर गेली, मुलीला त्यांनी एकट्याने वाढवलं. नवरा रस्त्यात पडला की तेच त्याला उचलून घरी आणत. दारात सोडत, खाली मान घालून "येतो वहिनी" म्हणत आणि चहालाही न थांबता निघून जात.

"भाऊजींकडे बघा जरा," ती नवऱ्याला सुनवायची. "तुमच्याएवढ्याच पगारात मुलीला नर्स केलं त्यांनी."

"मग त्याच्याकडेच जा नांदायला," नवरा म्हणायचा.

आज तो डबा घेऊन गेला आणि तिचं कशात लक्ष लागेना. मशीनवर शिवताना शिवण दोनदा वाकडी गेली. एक मन म्हणे, पळत जा आणि डबा हिसकावून आण. दुसरं म्हणे, बेतलं जिवावर तर बेतू दे, निदान पोर तरी सुखाने झोपेल. ती उठली नाही. आपण उठत नाही याची तिला लाज वाटली, तरी ती उठली नाही.

सुटायची वेळ टळून गेली. अंधारून आलं, तशी समोरची बाई सांगत आली, "छापखान्यात कुणीतरी गेलं म्हणे. गाडी आली होती न्यायला."

पोरीला पोटाशी धरून ती दारात बसली. मारलं मी, मीच मारलं माझ्या हातांनी, एवढंच तिच्या डोक्यात फिरत होतं.

आणि गल्लीच्या टोकाला नवरा दिसला. आपल्या पायांनी, झोकांड्या न खाता येत होता. जवळ आला, तर तोंडाला वासही नव्हता. तिला हुंदका आवरेना.

"सरबत गेला," तो म्हणाला आणि तिच्याशेजारी पायरीवरच बसला. "मुलीला नोकरी लागली म्हणून आम्ही सगळे मागे लागलो. ग्लास मीच दिला त्याच्या हातात. जन्मात पहिल्यांदा प्यायला गं तो. अर्धा ग्लासही नाही. तिथेच पडला. डॉक्टर म्हणतात, हार्ट."

तिने पोरीला आणखी जवळ ओढलं.

"माझा ग्लास तसाच ओतून दिला मी." त्याने पोरीच्या डोक्यावर हात ठेवला. "हिची शपथ. आजपासून थेंब नाही."

शपथा त्याने पैशाला पासरी घेतल्या होत्या. पण ही खरी होती, तिला ते त्याच्या डोळ्यांत दिसलं. भाऊजींसाठी तिचा जीव तुटत होता आणि तरी आत कुठेतरी आनंद मावत नव्हता. नवरा जिवंत होता. घर वाचलं होतं. तिने त्याला पाणी आणून दिलं.

"एक सांगायचंय," तो म्हणाला. "चिडू नकोस."

"आता कशाला चिडू?"

"पिण्यासाठी पैसे पुरायचे नाहीत, म्हणून दुपारी माझं जेवण मी त्याला विकायचो. वर्ष होत आलं, तुझा डबा रोज तोच खात होता."