पहिल्या गाण्यावरचा चरा

गिऱ्हाइकांकडून कारखान्यात परत आलेल्या प्रत्येक महागड्या रेकॉर्डवर एकाच जागी, पहिल्या गाण्यावर, बारीक चरा होता. “महिनाभर हेच चाललंय, काका,” मॅनेजरबाई म्हणाल्या. तपासणीवाले काका भडकलेच. “माझ्या नजरेतून धुळीचा कणही सुटत नाही! पॅकिंगवाल्यांचे कान उपटा.” त्यांनी मशीनमधून आलेली ताजी रेकॉर्ड घेतली, दोन्ही बाजू दिव्याखाली न्याहाळल्या. एक डाग सापडेल तर शपथ. नेहमीप्रमाणे स्वतःच ती पाकिटात सरकवली, वर ‘पास’चा हिरवा स्टिकर चिकटवला. “आता बघा!” बाईंनी रेकॉर्ड काढून दिव्याखाली धरली. पहिल्या गाण्यावर चरा! सरकवताना पाकिटात गेला होता तो काकांचाच हात. त्यांनी बोटाकडे पाहिलं. तीस वर्षांच्या निर्दोष तपासणीबद्दल मालकांनी गेल्याच महिन्यात दिलेली खड्याची अंगठी लखलखत होती. काकांनी ‘नापास’चा लाल स्टिकर उचलला आणि अंगठीवर चिकटवला.