हुद्द्याचं घर

"फौजी माणसाशी लग्न केलंस तर कुठलंच घर तुझं नसेल," असं आईने बजावलं होतं. हेस्टरने ते हसण्यावारी नेलं होतं. आता अमेरिकेच्या पश्चिम सरहद्दीवरच्या किल्ल्यात, भर बर्फात, नव्याने आलेले जनरल ब्रॅकेट तिच्या दारात उभे होते. फौजेचा रिवाजच होता: वरिष्ठाने घर पसंत करायचं आणि कनिष्ठाने बायकामुलांसह तंबूत जायचं.

"संध्याकाळपर्यंत घर रिकामं करा."

"अगं, सामान बांध," कॅप्टन नवरा कुजबुजला. "यादवी युद्धात अंगाखालचे दोन घोडे मेले, तरी साहेब मागे हटले नव्हते."

"मग आज हटतील." तिच्या खांद्यावर बाळ तापाने फणफणत होतं, छाती घरघरत होती. "साहेब, याला तंबूत न्यायचं असेल तर तुमच्याच हाताने न्या."

जनरलनी खरंच हात पुढे केले. बाळ खोकलं, तसे ते हात खाली आले. "ठीक आहे. मग शेजारचं घर."

शेजारच्या लॉटीला आठवा महिना होता. हेस्टर बाळासकट तडक त्या दारात जाऊन उभी राहिली. "हेही मिळायचं नाही!"

जनरल एक पाऊल मागे हटले. मग वळून शिपायाला म्हणाले, "माझाच तंबू ठोका."

हेस्टर अजूनही दार उघडायला तयार नाही. पण ती तुम्हाला म्हणते, तिकडून जाणार असाल तर म्हाताऱ्या जनरलच्या तंबूत जरा डोकावा, शेगडी पेटलीय का तेवढं बघा. आणि हो, तिने पाठवलं म्हणून सांगू नका.