परीक्षेतली नाव

"पूल वाहून गेलाय," बाई म्हणाल्या आणि फळ्यासमोर दोन बाकं जोडली. "ही आपली नाव."

दोघे परीक्षक मागे वह्या उघडून बसले होते. नाटकाच्या शिक्षकांसाठी असलेल्या एम.ए.चा हा परीक्षेचा पाठ. वीस वर्षं शाळेत नाटक शिकवून बाई पन्नाशीत पुन्हा विद्यार्थिनी झाल्या होत्या. विभागाची रीतच अशी, की पाठ रंगात आला की आगाऊ न सांगता एखादा नट वर्गात सोडायचा आणि शिक्षकाची परीक्षा पाहायची. गेल्या वर्षी एका झिंगलेल्या शिपायापुढे बाईंची बोबडी वळली होती. नापास! आता ही शेवटची संधी.

"या वेळी यमराज आला तरी त्याला भूमिका देईन," असं लेकीला बजावूनच त्या घरातून निघाल्या होत्या.

खिडकीजवळची एक मुलगी वर्षभर तोंडच उघडत नाही, असं वर्गशिक्षिकेने सांगितलं होतं. बाईंनी नेमकं तिलाच नावाडी केलं.

तेवढ्यात दार धाडकन उघडलं.

"ही थेरं करायला शाळेत पाठवतो का तुला? चल घरी!" आत आलेला माणूस नावाड्यावर खेकसला. मुलगी पांढरीफटक पडली.

आले एकदाचे, बाई मनात म्हणाल्या. सोंग मात्र चोख होतं, अगदी नखांतल्या ग्रीसपर्यंत.

"बरं झालं आलात. पाणी चढतंय," त्या म्हणाल्या. "घरी जायचं तर नदी ओलांडावी लागेल. नावाडी ही आहे. हिलाच विचारा."

"मी काय नाटक करायला आलोय?"

"बुडाल हो काका!" पोरं ओरडली.

तो गांगरला. मग एक बारीक आवाज आला.

"खाली बसा. उभं राहिलात तर नाव कलंडेल."

तो मुलीकडे बघतच राहिला. मग बाकावर बसला.

"मला पोहता येत नाही," तो पुटपुटला.

"मग मला धरा."

फूटपट्टीचं वल्हं मारत तिने त्याला पलीकडे नेलं. वाटभर तिच्या तोंडाचा पट्टा चालू होता. उतरताना त्याने बाहीने डोळे पुसले.

"शाळा सुटेपर्यंत बाहेर थांबतो," तो बाईंना म्हणाला आणि हळूच दार लावून गेला.

काय कसलेला नट! याचे आभार मानायलाच हवेत, असं बाईंनी ठरवलं. मागे परीक्षक पेनं खाली ठेवून दाराकडे बघत होते.

दार पुन्हा उघडलं. खोटी मिशी लावलेला एक गृहस्थ धापा टाकत आत डोकावला.

"माफ करा, बस चुकली," तो परीक्षकांना म्हणाला. "चिडलेला बाप मीच. आता येऊ का?"