नवी सुई

दयानंदनं उमाकांतच्या डोळ्यांवर टॉवेल बांधला आणि गाठ ओढून बघितली.

"दिसतंय का काही?" त्यानं कानाशी वाकून विचारलं.

"ऐकायला डोळे कशाला लागतात? लाव तू बिनधास्त." उमाकांत तबकडीच्या यंत्राकडे पाठ करून खुर्चीत मांडी घालून बसला.

रविवारी सकाळी राजाजीनगरातली माणसं दोसा खायला बाहेर पडतात. हे दोघे घरात बसून भांडतात. भांडण जुनंच, तबकडीचा आवाज खरा की डिजिटलचा? दयानंद वरच्या मजल्यावरचा, निपाणीकडचा माणूस. त्याचं म्हणणं, फोनवरून लाव की कशावरून लाव, फरक काय पडतोय की! हे ऐकलं की उमाकांतच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. "झोपेतून उठवून विचार, ओळखून दाखवीन." आज त्याची परीक्षा होती. जलतरंगाची एकच मैफल, तबकडीवरही तीच आणि फोनमध्येही तीच.

उमाकांतची बायको हेमलता कॉफीचे ग्लास घेऊन दारात उभी राहिली. तिलाही गंमत बघायची होती.

दयानंदनं आधी तबकडी लावली. वाजवून वाजवून पार झिजलेली. भजी तळायला टाकावीत तशी खरखर सुरू झाली. आतल्या खोलीत क्लासची बॅग भरणारी त्यांची लेक आर्यासुद्धा खुदकन हसली.

उमाकांतनं मान हलवली. "हे डिजिटल. खरखर नावालाही नाही बघ. चकाचक, आणि मेलेलं."

दयानंदनं तोंडावर हात दाबला. मग फोनवरून तेच लावलं, एकदम स्वच्छ.

"आहा! ही तबकडी. याला म्हणतात जीव!"

"गेली रे बाबा तुझी अब्रू!" दयानंद मागून म्हणाला. उमाकांत आपला तंद्रीतच होता. दयानंद मुळातच खट्याळ, त्यानं फोनही बंद केला.

खोलीत नुसता पंखा फिरत होता. आणि उमाकांत मान डोलवत होता. मांडीवर बोटं वाजवत होता.

"क्या बात है," तो म्हणाला.

"नाटकी आहे लेकाचा," दयानंद हसला. हेमलताकडे बघितलं आणि त्याचं हसू आटलं.

तिनं ग्लास खाली ठेवले. नवऱ्याच्या मागे जाऊन उभी राहिली. रोज बोलते तशाच आवाजात म्हणाली, "अहो, आर्या पडली."

उमाकांतची मान डोलतच राहिली.

हेमलताला एकेक आठवत गेलं. वर्षभर हा माणूस कुरकुरत होता, आवाज दबलाय, वरचे सूर येत नाहीत. म्हणून आधी सुई नवी आणली, मग वायरी, मग दिवाळीत स्पीकर. हौसेला मोल नाही म्हणून ती गप्प बसली होती. आणि हल्ली आपण बोलायला लागलो की हा टक लावून आपल्या तोंडाकडे बघत बसतो, याचं तर तिला मेलीला कौतुक वाटायचं!

"सरी, बरं, येतो मी वहिनी," म्हणत दयानंदनं चपला घातल्या आणि तो गेला. कॉफी तशीच राहिली.

हेमलतानं टॉवेल सोडला.

"किती बरोबर आले?" उमाकांत हसत वळला. मग त्याला तिचा चेहरा दिसला.

"कधीपासून ऐकू येत नाहीये?"

"छे गं, ती सुईच जरा..."

"सुई नवी आहे."

तो तिच्या ओठांकडे बघत राहिला. मग खाली मान घालून म्हणाला, "जाड आवाज येतात. तबला येतो, बस येते. बारीक काही येत नाही. कुणाला बोलू नकोस, हेमा. एवढं सगळं घरात मांडून ठेवलंय, लोक काय हसतील!"

लोक हसतील! तिला रडू येत होतं आणि एक ठेवून द्यावीशीही वाटत होती. त्याचा चेहरा धरून तिनं आपल्याकडे वळवला. "उद्या डॉक्टरकडे जायचं. आणि आजपासून पोरीला स्कूटरवर न्यायचं नाही. मी ऑटोनं सोडते."

"काय म्हातारा झालो काय मी?" तो ताडकन उठला. "स्कूटर डोळ्यांनी चालवतात. रोज नेतोय, झालंय का काही? आर्या, चल गं, क्लासला उशीर होतोय!"

"अहो, ऐका तरी माझं!"

पण त्यानं पाठ फिरवली होती. ती दारापर्यंत पोचेतो बापलेक जिना उतरलेसुद्धा. ती उलटी गॅलरीकडे धावली.

खाली शेजारच्या बांधकामावर पाणी टाकून टँकर मागे मागे येत होता. टीं, टीं, टीं, सगळी गल्ली दणाणून सोडत होता. ड्रायव्हर मागे बघतही नव्हता. गाडी एवढी ओरडतेय म्हटल्यावर आडवं कोण येणार?

उमाकांत डोक्यावर हेल्मेट चढवून, आर्याला मागे बसवून, स्कूटर उलटी गेटबाहेर काढत होता.

"अहो!" हेमलता जीव खाऊन ओरडली. "अहो, मागे!"

समोरची भाग्यलक्ष्मी दुकान सोडून रस्त्यावर आली. इस्त्रीवाल्याचा हात जागच्या जागी थांबला. आर्यानं वर पाहिलं. टँकरच्या आवाजात तिला शब्द कळले नाहीत. आई हात हलवतेय म्हणून तिनंही हसून हात हलवला.

उमाकांत पायानं स्कूटर मागे रेटतच होता.