घोण

"मॅडम, आईंची प्लेट टाकून देऊ?" प्रयोगशाळेतल्या गवळीमामांनी हळूच विचारलं. "एकच ठिपका उरलाय, बाकी सुकले."

"थांबा मामा, तो जगेल."

त्या ठिपक्यांतले दुर्मीळ जिवाणू तिने विद्यार्थ्यांना दाखवायला आईच्याच तोंडातून, टाळ्यावरून घेतले होते. एकातून दुसरा जन्मला की जिवाणू सहसा सुटे होतात. हे मात्र कुशीला कूस लावून रांगेने वाढतात. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून आई खुदकन हसली होती. "अगंबाई, ही तर शंभर पायांची घोण! सासूबाई म्हणायच्याच, हिच्या तोंडात विष आहे म्हणून."

मग आईचं आजारपण आलं. घोणीला ताजं खाद्य द्यायचं राहून गेलं. परवा आई गेली.

उरलेला ठिपका नव्या प्लेटवर न्यायचा, एवढंच. तिने तारेचं टोक ज्योतीत लाल केलं. ते निवेपर्यंत थांबायचं, हे ती दरवर्षी मुलांना बजावत असे. आज घाईत तिने तार तशीच ठिपक्यावर टेकवली.

चर्र झालं. मामांनी मान फिरवली.

स्मशानात आईला अग्नीही तिनेच दिला होता.