घरघरणारा पंखा

“गेमला पाहिजे का एडिटिंगला?” दुकानदार उदयसिंहनं विचारलं.

आरिफला दोन्हीसाठी नको होता. फुप्फुसाच्या आजारावर संशोधन करणाऱ्यांची आकडेमोड इंटरनेटवरून घेऊन फुकटात करून देणारा कॉम्प्युटर त्याला घरी ठेवायचा होता. मॉनिटर नको, स्पीकर नको. फक्त चोवीस तास चालू राहायला हवा.

उदयसिंहनं सगळे पार्ट काढले आणि वर अजिबात आवाज न करणारा पंखा ठेवला. आरिफनं तो परत सरकवला नि खोक्यातला जुना, घरघरणारा पंखा उचलला.

“अहो, त्यो लई आवाज करतो की! घरात झोपणार कसं?”



“आमच्या सबाचं ऑक्सिजनचं मशीन परत करून महिना झाला. तवापासून तिच्या अम्मीला आवाजाशिवाय झोप लागंना.”