पाहणारे : १

आयोवातल्या सात लहान खासगी कॉलेजांच्या स्पर्धांमध्ये व्हॉलीबॉलची कॉमेंट्री निवृत्त पोस्टमन लिंडक्विस्ट फुकट करायचे. सामना इंटरनेटवर दिसायचा आणि पडद्याच्या कोपऱ्यात 'पाहणारे' असा आकडा असायचा. तो एकच्या वर क्वचितच गेला.

"तो एक म्हणजे माझी आजी," असं संघातल्या टेगनने कॉलेजच्या पहिल्याच वर्षी त्यांना सांगितलं होतं. आजी डेव्हनपोर्टच्या वृद्धाश्रमात अंथरुणाला खिळलेली, आणि नात चार वर्षं राखीव खेळाडूंच्या बाकावर. मग लिंडक्विस्ट म्हातारीसाठी मुद्दाम बोलायचे. "टेगनने पाण्याची बाटली पुढे केली. टेगन उठून टाळ्या वाजवतेय. आज टेगनने वेणी घातलीये, बरं का."

शेवटच्या हंगामातला शेवटचा सामना संपल्यावर त्यांनी तिला दाराशी गाठलं.

"आजीला सांग, हा म्हातारा आठवण काढेल म्हणून. एक सामना चुकवला नाही बाईंनी."

टेगन बुटाची नाडी सोडत होती. तिने वर पाहिलं नाही.

"आजी ऑगस्टमध्येच गेली, मिस्टर लिंडक्विस्ट. हंगाम सुरू व्हायच्या आधीच."

"अगं, पण आकडा तर आजसुद्धा एकच होता. मग बघत कोण होतं?"



"माझा फोन. बॅगेत चालू ठेवायचे. आकडा शून्य झाला असता, तर तुम्ही माझं नाव कशाला घेतलं असतं?"